आजची हद्द

"आई, आजची हद्द सांग बघू," तोंडातला ब्रश तसाच धरून त्रिशला हॉटेलच्या बाथरूमच्या दारात उभी होती. "मागाहून घोळ नको."

"नदी," मी म्हटलं.

"नदी म्हणजे? पलीकडच्या काठापर्यंत?"

"अलीकडच्या. पाणी लागतं तिथवर."

तिनं ब्रश तोंडातून काढला. "अगं, आपण पुलासाठीच तर आलोय इथं! काल गाडीत तुला सांगितलं की सगळं. पुलावरनं चालत पलीकडं जायचं, तिथं बसायचं, चालत परत यायचं. तू हं हं म्हणत होतीस."

"तुम्ही दोघं जा. मी अलीकडं बसेन."

"आता बदलता नाही येणार?"

"संकल्प झाला."

त्रिशला आत वळली. नळाचा आवाज मात्र जरा जोरात आला.

ही लुईव्हिल शहरातली गोष्ट. केंटकी राज्यात, ओहायो नदीच्या दक्षिण काठाला हे शहर आहे. त्या गोष्टीला आता बरीच वर्षं झाली. मी त्या उन्हाळ्यात मुलीकडे पहिल्यांदा अमेरिकेला गेले होते, आणि दर शनिवारी-रविवारी आम्ही एकेका शहराला जात होतो.

हद्दीचं सांगायला हवं. सकाळचं सामायिक, म्हणजे आमचं ध्यान, झालं की मी दिवसाची हद्द ठरवते. आज अमुक रस्त्यापलीकडे जाणार नाही, तमुक ओढ्यापलीकडे जाणार नाही. आम्हा जैनांत याला देशव्रत म्हणतात. सांगलीत ते सोपं होतं. देऊळ, मंडई, धाकट्या बहिणीचं घर, संपलं. पण हे व्रत नुसतं पायांचं नाही. हद्दीबाहेर स्वतः जायचं नाही, तसं दुसऱ्या कुणाला पाठवायचंही नाही. बाहेरून काही मागवायचं नाही. बाहेरच्या माणसाला हाक मारायची नाही, खोकून-खाकरून किंवा हात हलवून त्याचं लक्ष वेधायचं नाही. आमच्या साध्वी माताजींनी व्रत देताना हे सगळं समजावून सांगितलं, तेव्हा मला मनात हसू आलं होतं. इतकं बारीक कुणाला लागणार आहे, असं वाटलं होतं. अमेरिकेला निघताना फोनची तेवढी सूट मागून घेतली, तीही घरी यांच्याशी बोलण्यापुरती.

मला पाठवलं होतं ते यांनीच. आमची हळदीची अडत आहे, आणि त्रिशलाचे सासरे त्यात भागीदार. दोघांची मैत्री बोर्डिंगात असल्यापासूनची. मुलांचं लग्न त्यांनीच पेढीवर बसून ठरवलं. मग कधीतरी शिकागोच्या कुणा नातेवाइकाकडून सांगलीत कुजबुज आली, की भरतेश आणि त्रिशला एका गावात राहत नाहीत. व्याही आमच्याकडे आले, दोघांनी दार लावून बोलणं केलं, आणि संध्याकाळी हे मला म्हणाले, "तू जा. मी गेलो तर ओरडाआरडा होईल. तू हळू बोलतीस, दोघंही तुझं ऐकतात. जुळवून ये."

एवढं काम घेऊन मी त्रिशलाच्या गावी, कोलंबसला, उतरले होते.

विमानतळावर त्रिशला एकटीच होती. "भरतेशला कंपनीनं इंडियानापोलिसला टाकलंय, आई. तात्पुरतं. शनिवार-रविवारी भेटेल." भेटायचे ते खरंच. पण घरी कधी आले नाहीत. आम्ही कोलंबसहून निघायचो, ते इंडियानापोलिसहून, आणि तिसऱ्याच एखाद्या शहरात गाठ पडायची. "घरात बसून काय करायचं, आई? या निमित्तानं देश बघून होतो," भरतेश म्हणायचे. हॉटेलात दोन खोल्या असत. एकीत आम्ही मायलेकी, एकीत ते. "तुझं पहाटेचं आवरणं असतं ना, त्याची झोपमोड होते," हे त्रिशलाचं कारण.

माझ्या आठवणीतल्या अमेरिकेत आधीमधी दुसरं काही नाहीच. नुसते शनिवार-रविवार आहेत.

क्लीव्हलंडला एक तळं होतं, त्याला पलीकडचा काठच दिसत नव्हता. शिकागोला मी चूक केली. चारी दिशांची हद्द नीट ठरवली, पण वरची दिशा धरायची विसरले. त्या दोघांनी उंच इमारतीची तिकिटं काढली होती, अगदी वरच्या मजल्यावर काचेतून खाली बघायचं म्हणून. मी लिफ्टच्या दाराशी थांबले.

"आई, चला की," भरतेश म्हणाले.

"वरचं घेतलेलं नाही मी."

"वरचं म्हणजे?"

"वर जायची हद्द धरलेली नाही. हॉटेलचा मजला धरला तेवढाच."

त्यांनी त्रिशलाकडे बघितलं. त्रिशलानं कपाळाला हात लावला, आणि मग दोघंही एकदम हसत सुटले. मी त्यांना एकत्र हसताना तेवढंच बघितलं. खालच्या दिवाणखान्यात मी णमोकार मंत्र म्हणत बसले, ते दोघं वर गेले. खाली आले तेव्हा ती पुढे होती आणि भरतेश मागे, आणि हसू संपलेलं होतं.

पुढच्या शनिवारी पिट्सबर्गला भेटल्याबरोबर भरतेशनी विचारलं, "आई, आज वर किती मजले घेतलेत? डोंगरावर जायचंय बरं का, दोरावरच्या गाडीनं."

"डोंगर धरलाय," मी म्हटलं.

"आणि उतरायचं?"

"ते धरावं लागत नाही हो."

"बरं झालं, नाहीतर तुम्हाला तिथंच ठेवून यायला लागलं असतं." माणूस गमत्या होता. माझ्याशी बोलताना फार मोकळा असायचा. माझं पाणी गाळायचं फडकं विसरलं की कुठूनतरी पांढरं सुती कापड शोधून आणायचा.

त्या डोंगरावरच्या उपाहारगृहात त्रिशलानं सगळ्यांसाठी मागवलं. भरतेशसाठी कॉफी. कॉफी आली, त्यांनी कप हळूच बाजूला सरकवला.

"घे की," ती म्हणाली.

"सोडली मी. हिवाळ्यातच."

"अच्छा," ती म्हणाली. परक्या माणसाला म्हणावं तसं. आणि परत निघताना ते मला वाकून नमस्कार करून म्हणाले, "तुमच्या घरी पोचलात की फोन करा." तुमच्या म्हणजे, त्रिशलाच्या आणि माझ्या. त्यांच्या तोंडून ते सहज निघून गेलं. मला तोवर कळायचं काही राहिलेलं नव्हतं. पहिल्याच आठवड्यात घरातली कपाटं आवरायला घेतली होती मी, त्यांत भरतेशचा एकही कपडा नव्हता.

भांडण नव्हतं दोघांत. भांडण असतं तर मिटवता आलं असतं. मी सगळीकडे शोधत होते ते हेच, की हिला काही टोचतंय का, त्यांना काही सलतंय का, कुठं बोट ठेवावं. पण दोघंही एकमेकांशी इतकी नीट वागायची, की बोट ठेवायला जागाच नव्हती. यांचा फोन यायचा. "काय म्हणतात? जुळतंय का?" मी म्हणायचे, "बघते."

तर लुईव्हिल. आम्ही नाश्त्याला खाली उतरलो तेव्हा भरतेश येऊन बसलेले होते. गाडी नदीपलीकडं ठेवून पुलावरून चालत आले होते.

"पलीकडं का?" त्रिशलानं विचारलं.

"संध्याकाळीच निघायचंय मला. उद्या काम आहे. तिकडनं सरळ हायवे लागतो."

"रविवारी काम?"

"हं."

 आम्ही शहर बघायला निघालो. एका इमारतीला टेकवून ठेवलेली, इमारतीहूनही उंच अशी बेसबॉलची बॅट बघितली. तिथं भरतेशनी आमचा मायलेकींचा फोटो काढला, मग एका गोऱ्या बाईला विनवून तिघांचा काढून घेतला. त्या सगळ्या शहरांतल्या सगळ्या फोटोंत मी मधोमध आहे. कुणी ठरवून केलेलं नाही. फोटो म्हटलं की दोघं आपोआप माझ्या दोन बाजूंना जाऊन उभी राहायची.

दुपारी आम्ही खोलीवर आलो, मी छोट्या कुकरात मुगाची खिचडी लावली. तिकडे उन्हाळ्यात सूर्य मावळायला रात्र करतो, त्यामुळे माझ्या दिवसाउजेडी जेवायच्या नियमाची कधी ओढाताण झाली नाही. जेवण आटोपून आम्ही नदीवर गेलो.

पूल पूर्वी रेल्वेचा होता. आता त्यावर गाड्या जात नाहीत, फक्त माणसं चालतात. पूल फार उंचावर आहे, म्हणून काठावरच्या हिरवळीतून एक रस्ता गोल गोल फिरत वर चढत जातो, आणि मग पाण्यावर निघतो. खाली मुलं कारंज्यात भिजत होती. कुत्री घेऊन आलेली माणसं, सायकली, ढकलगाड्या. मी त्या चढाच्या पायथ्याशी बाकावर बसले.

"चल ना, तुला वरपर्यंत तरी नेते," त्रिशला म्हणाली. "तो चढ जमिनीवरच आहे."

"नको. बरं आहे इथं."

भरतेश उभेच होते. पाठीला पिशवी लावलेली. जरा वेळानं ते वाकले, माझ्या पायांना हात लावला. "येतो, आई."

"सावकाश जा."

ते सरळ झाले, पण लगेच निघाले नाहीत. माझ्याकडे बघत थांबले. मी पदर सारखा केला. मग ते त्रिशलाला म्हणाले, "येतो."

"हं. पोचलास की मेसेज कर."

आणि ते गेले. गोल चढावर पहिल्या फेरीत आमच्या डोक्याच्या वर दिसले, मग वळणाआड गेले, दुसऱ्या फेरीत पुन्हा दिसले. चालणं हळूहळू होतं. एकदा कठड्यापाशी थांबून बुटाची नाडी बांधली. तोवर ते जमिनीवरच होते, माझ्या हद्दीत. मी बाकावर बसून राहिले. मग ते पुलाला लागले आणि पाण्यावर गेले.

त्रिशला माझ्या बाजूला उभी होती. एकाएकी तिनं माझा दंड धरला.

"आई, हाक मार त्याला."

"का गं?"

"का काय? तुला माहितीय ना सगळं?"

"माहितीय."

"कधीपासून?"

"पहिल्या शनिवारपासून."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "आणि बोलली नाहीस? एवढी गावं फिरलो आपण, मी दर शुक्रवारी हॉटेलं शोधत बसले, दोन-दोन खोल्या..." तिनं मान झटकली. मग घाईनं म्हणाली, "ते जाऊ दे. आत्ता हाक मार. तो आज कायमचा चाललाय. रविवारी कसलं काम असणार? पुढच्या शनिवारी येणार नाहीय तो. तू थांब म्हणालीस तर थांबेल."

"पाण्यावर गेले ते."

"मग?"

"हद्दीबाहेर आहेत. हाक मारता येत नाही."

"आई!" आजूबाजूची चार माणसं वळून बघायला लागली. "आत्ता व्रत काढतीस तू? आत्ता?"

मी पदर गुडघ्यावर ओढून घेतला.

"बरं, फोन लाव. फोनला तर सूट आहे ना?"

"तुझ्या अण्णांपुरती."

ती हसली. रडण्यासारखंच हसली. "वा. लग्न ठरवलंत तेव्हा कुठली हद्द होती गं? पेढीवर बसून दोघा बापांनी ठरवलं, तू साखरेची वाटी घेऊन आत आलीस, तोंड गोड कर म्हणालीस. तेव्हा बरी तुझी हाक सगळीकडं पोचली."

ते खरं होतं. 

पुलावर भरतेश लहान दिसायला लागले होते. लोखंडाच्या जाळीतून कधी दिसत, कधी नाही.

"मग मी जाऊ?" त्रिशलानं विचारलं.

आईला हे अगदी सोपं असतं. जा म्हणायचं, किंवा नको म्हणायचं. पण 'जा' म्हटलं तर मी तिला हद्दीबाहेर पाठवल्यासारखं झालं असतं, आणि तेही चालत नाही. मी हातानंसुद्धा खूण केली नाही. हात मांडीवर ठेवून बसले.

"सांग की! जाऊ का नको?"

मी कारंज्याकडे बघत राहिले.

"काय बाई आहेस तू," ती म्हणाली. लहानपणी मार खाऊन बाहेर पळायची तेव्हा म्हणायची, त्याच सुरात. मग तिनं आपली पर्स माझ्या मांडीवर टाकली आणि चालायला लागली. पहिली फेरी ती चालत होती. दुसऱ्या फेरीत पळत होती. पुलाला लागल्यावर लोखंडाच्या जाळीत मला दिसेनाशी झाली.

मी बसून होते. शेजारच्या बाकावर एक म्हातारा आपल्या कुत्र्याला पाणी पाजत होता. त्यानं मला काहीतरी विचारलं, मी मान डोलावली. सूर्य नदीवर तिरपा आला, मुलं कारंज्यातून निघून टॉवेल गुंडाळून जायला लागली. माळ माझ्या पिशवीत होती, पिशवी हॉटेलात. बोटांवर मोजत बसले.

त्रिशला परत आली ती एकटीच. चालत आली, अगदी सावकाश. बाकावर बसली, चपला काढल्या. पायाला फोड आला होता.

"भेटले?" मी विचारलं.

"पुलाच्या मध्यावर गाठला. मी हाक मारली, थांबला." ती फोडाकडे बघत होती. "पहिलं काय विचारलं माहितीय? आईंनी पाठवलं का?"

"मग?"

"म्हटलं, आईंना पाठवता येत नाही. मीच आलेय." तिनं फोडाला बोट लावून बघितलं. "पळत गेले तेव्हा मला वाटत होतं, थांब म्हणायला चाललेय. तिथं पोचल्यावर ते तोंडातून निघेना. खरंच निघेना, आई. मग जे निघालं ते बोलले. म्हटलं, मला हे नकोच होतं. तू वाईट नाहीस, पण मला नको होतं, आणि मी कुणाला सांगितलं नाही. तो म्हणाला, मलापण."

"रागावले?"

"नाही. रेलिंगला टेकून बसलो आम्ही. खूप बोललो. लग्नापासून एवढं बोललो नसू." तिनं डोळे पुसले. "पुढच्या शनिवारी येऊ नकोस म्हटलं. त्यानं तुला नमस्कार सांगितलाय."

मग म्हणाली, "भूक लागलीय." तिथल्याच एका गाडीवरून तिनं काहीतरी आणलं आणि उभ्यानं खाल्लं.

दुसऱ्या दिवशी कोलंबसला परतताना गाडी तीच चालवत होती. रस्त्यावरची नजर न काढता म्हणाली, "एक विचारू? नदीचीच हद्द का घेतलीस गं? मी तर पूल सांगितला होता."

"सकाळी घेतली," मी म्हटलं.

"ते माहितीय. का?"

"बसले तेव्हा ठरली."

तिनं पुन्हा विचारलं नाही. मी खोटं बोलले नव्हते, पण अर्धंच सांगितलं. उरलेलं असं होतं.

शनिवारी पहाटे माझं आवरून झालं तेव्हा त्रिशला गाढ झोपलेली होती. पाणी आणावं म्हणून मी खाली गेले. भरतेश तिथं खुर्चीत बसले होते, रात्रभर गाडी चालवल्यासारखे. मला बघून उठले.

"इतक्या लवकर?"

"तुमच्याशीच बोलायचं होतं, आई. त्रिशला उठायच्या आत."

त्यांनी सगळं सांगितलं. मला ठाऊक होतं तेच, फक्त त्यांच्या तोंडून. शेवटी म्हणाले, "मी आज संध्याकाळी निघणार, आणि मग येणार नाही. पण तुम्ही थांब म्हणालात तर थांबतो. नोकरी सोडून कोलंबसला येतो. तुमचा शब्द मी मोडणार नाही. एवढे शनिवार मी तुमच्यासाठीच येत होतो."

"त्रिशलाला विचारलंत?"

"विचारतो की. ती म्हणते, तुला वाटेल तसं. कधी म्हणते, अण्णा म्हणतील तसं. कधी, आई म्हणेल तसं." ते हसले. "तिला स्वतःला काय पाहिजे, ते आमच्यापैकी कुणी अजून ऐकलेलंच नाही, आई."

मी पाणी घेऊन वर आले. त्रिशला झोपेत कुशीवर वळली. मी सामायिकाला बसले. यांनी मला ज्या कामाला पाठवलं होतं ते आता एका शब्दावर आलं होतं. संध्याकाळी मी "भरतेश, थांबा" म्हटलं असतं की झालं. ते थांबले असते. कोलंबसला आले असते, कपाट भरलं असतं, सांगलीत पेढे वाटले असते. आणि माझ्या हाकेला ओ देऊन आलेला माणूस म्हणून ते माझ्या मुलीच्या घरात जन्मभर राहिले असते. मी स्वतःला ओळखते. संध्याकाळ झाली असती, ते पाठ फिरवून निघाले असते, तर माझ्या तोंडून हाक गेलीच असती. म्हणून मी सकाळीच नदी धरली. चढावर ते माझ्या हद्दीत होते तेवढा वेळ मात्र अवघड गेला.

पुढच्या शनिवारी आम्ही कुठल्याही शहराला गेलो नाही. त्रिशला ऊन चढेपर्यंत झोपली. उठून तिनं चहा केला, दाराशी पायरीवर बसून एकटीच प्याली. मी ओट्याशी उभी राहून दोडका चिरत होते, तेव्हा तिचा फोन वाजला. तिनं नाव बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आवाज मोठा करून फोन ओट्यावर ठेवला.

"त्रिशू." यांचा आवाज. भरतेशनी त्यांच्या वडिलांना सांगितलं असणार, आणि तिथून यांना कळलं असणार, हे त्या एका शब्दावरूनच समजलं. "आईला दे."

मी सुरी बाजूला ठेवून हात पुसायला घेतले. त्रिशलानं माझ्याकडे बघून मान हलवली.

"आई जेवतेय, अण्णा."

जेवताना मी बोलत नाही. मौन असतं माझं. लग्न होऊन घरात आले त्या वर्षापासून यांना ते माहीत आहे, आणि घराला आग लागली तरी मी ताटावरून बोलणार नाही, हेही माहीत आहे. पण मी जेवत नव्हते. समोर चिरलेला कच्चा दोडका होता.

"मग जेवण झाल्यावर लावतो," हे म्हणाले.

"नको. माझ्याशीच बोला. बोलायचं माझंच आहे."

माझ्यासाठी मुलीच्या तोंडून खोटं जायला नको होतं. टोपलीत केळी होती. मी घाईनं एक सोललं, स्टुलावर बसले आणि पहिला घास घेतला.

"तू काय बोलणार? हळदीचा सौदा आहे का, की बघितला, नाही पटला, परस्पर मोडला?"

"सौदा तुम्ही केला होता, अण्णा," त्रिशला म्हणाली. तिनं ओट्याची कडा घट्ट धरलेली होती. आवाज मात्र हलला नाही. "मोडला मी."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग हे म्हणाले, "आणि तुझ्या आईला मी कशाला पाठवलं होतं? एक हाक मारायला काय झालं होतं तिला?"

"तिचं व्रत होतं."

 आमच्या घरात व्रतापुढे कुणाचं चालत नाही.

"हाक मी मारली, अण्णा. आता सगळं पहिल्यापासून सांगते. मध्ये बोलू नका. कळलं?"

"हं," हे म्हणाले. मुलीला त्यांनी असं 'हं' म्हटलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

तिनं सुरुवात केली. लग्नाच्या बोलणीपासून सुरुवात केली. मी अगदी लहान लहान घास घेत होते, तरी केळ संपत आलं. हे एकदा मध्येच म्हणाले, "झालं का गं तिचं जेवण?"

त्रिशलानं माझ्या हातातल्या सालीकडे बघितलं.

"चाललंय अजून," ती म्हणाली.

मी दुसरं केळ सोललं.